वकिलाकडे जाण्याआधी एवढं कर

अगं घटस्फोटासाठी पहिल्यांदा जातेयस ना, तर रडगाणं दहा मिनिटांत आटप, लग्नाची पत्रिका, फोटो, बँक स्टेटमेंट, फ्लॅटची रजिस्ट्री, सगळ्याच्या झेरॉक्स ने. पोटगी मागितली की कमाई आणि मालमत्तेचं शपथपत्र दोघांनाही द्यावं लागतं, सुप्रीम कोर्टाने 2020 मध्येच सांगितलंय.

आणि अर्धं घर माझं हे डोक्यातून काढ बाई. आपल्याकडे घटस्फोट झाला म्हणून आपोआप अर्धी वाटणी होत नाही, रजिस्ट्री कोणाच्या नावावर, हप्ते कोणी भरले हे बघतात. स्त्रीधन मात्र तुझंच, आईने घातलेल्या पाटल्या सासूच्या लॉकरमध्ये असल्या तरी, म्हणून दागिन्यांची यादी आजच लिही, मी नव्हती लिहिली आणि मग दोन वर्षं कोर्टात नुसत्या पेशीवर पेशी.

दोघांच्या सहमतीने असेल तर आधी एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं, मग अर्ज केल्यावर सहा महिने थांबायचं, ते कोर्ट माफ करू शकतं. पिल्लू चार वर्षांचं ना? पाचच्या आतलं मूल सहसा आईकडेच देतात, पण बापाला भेटूच देत नाही असं दिसलं तर तुलाच जड जाईल हं.

शनिवारी राजवाड्याला ये, पोहे खाता खाता यादी करू.