७०० मीटरच्या १० जी लिंकसाठी एलआर मॉड्यूल पुरेल की ईआर घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सेकंदाला १० गिगाबिटची (१० जी) लिंक, दोन इमारती, मध्ये ७०० मीटर, फायबर आधीच टाकलेली, दोन्ही स्विचना एसएफपी प्लस पोर्ट, म्हणजे प्रकाशाने डेटा पाठवणारं छोटं मॉड्यूल बसतं ती खाच. १० किलोमीटरवालं एलआर पुरेल असं तुम्हाला वाटतं, पण पुरवठादार म्हणतो ४० किलोमीटरवालं ईआर घ्या, सिग्नल दणकट मिळेल. आणि घ्याल ते स्विचच्या कंपनीचंच घ्या.

एलआर घ्या. कुठल्याही कंपनीचं.

इथेच थांबलो असतो, पण 'दणकट सिग्नल' हे शब्द वाचले आणि राहवलं नाही. हेच शब्द मी आमच्या तेव्हाच्या साहेबांच्या तोंडून ऐकले होते आणि त्यापायी माझे साडेतीन महिने गेले.

आमची लिंक तुमच्यापेक्षाही छोटी होती, जेमतेम ४०० मीटर. मी खरेदीच्या यादीत एलआर लिहिलं होतं. साहेबांनी ते खोडून ईआर केलं. म्हणाले, "अरे, ४० किलोमीटर जाणारा लेझर ४०० मीटर काय झोपेत जाईल. जास्त ताकदीचं घेतलं की आयुष्यभर बघायला नको." मी त्यांना प्रकाशाच्या बजेटचे (लेझर किती टाकतो, रिसीव्हरला किती लागतं) आकडे दाखवायला गेलो, तर "पुस्तकं कमी वाच" असं उत्तर मिळालं. मॉड्यूल आली, लावली, लिंक वर आली, आणि दुसऱ्या दिवसापासून एरर चढायला लागले. पण सतत नाही. दिवसभर स्वच्छ, आणि मी पाहायला गेलो की सीआरसी एररचा (वाटेत बिघडलेल्या डेटाच्या नोंदींचा) पाऊस. मी जागेवर परत येईपर्यंत पुन्हा सगळं ठीक. साहेब चारचौघांत म्हणाले, "ह्याने हात लावला की बिघडतं." ते विशेषण मला पुढे बरेच दिवस चिकटलं.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मीही चुकतच होतो. मला खात्री होती की कनेक्टर घाण आहेत. सिंगलमोड, म्हणजे लांब पल्ल्याच्या, फायबरचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा, धुळीचा एक कण त्याला सहज झाकतो, त्यामुळे हा संशय नेहमीच रास्त असतो. मी आठवडाभर क्लीनर घेऊन दोन्ही इमारतींमध्ये फेऱ्या मारल्या. पॅच कॉर्ड (मॉड्यूलला फायबरशी जोडणाऱ्या छोट्या केबल) बदलल्या. मॉड्यूलं इकडची तिकडे केली. रॅकसमोर उभा राहून ऑप्टिकल रीडिंग पाहिलं, तर येणारा प्रकाश अधिक ०.७ डीबीएम (हे प्रकाशाच्या ताकदीचं माप, आकडा वर तितका प्रकाश जास्त; दोन आकड्यांतला फरक डीबीत), आणि आकड्यापुढे दोन अधिकची चिन्हं. मला वाटलं, छान, प्रकाश भरपूर आहे, म्हणजे फायबरचा दोष नाही. त्या स्विचवर दोन अधिकचा अर्थ 'मर्यादा ओलांडली, धोक्याची पातळी' असा होता, हे मी तळटीप वाचली तेव्हा कळलं. पुस्तकं कमी वाचल्याचा परिणाम.

उलगडा झाला तो मी घरी असताना. एका रात्री सहज लॉगिन केलं, तर तेच रीडिंग उणे २.४. एरर शून्य. ४०० मीटरची काच कुणी न हलवता ३ डीबी बदलत नाही. मी तिथल्या रखवालदाराला फोन लावला आणि म्हटलं, काका, सर्व्हर रूममधल्या त्या रॅकचं पुढचं दार उघडा. त्यांनी उघडलं. अधिक ०.७, आणि एररचा काउंटर पळायला लागला. बंद करा म्हटलं. उणे २.४, काउंटर जागच्या जागी. असं तीनदा करून घेतलं. शेवटी ते वैतागून म्हणाले, "साहेब, एकदा काय ते सांगा, उघडं ठेवू की बंद?"

दार बंद झालं की त्याची कड पॅच कॉर्डवर दाबली जायची, कॉर्ड काटकोनात मुडपायची आणि प्रकाश तिथून गळायचा. ईआर १५५० नॅनोमीटर तरंगलांबीवर चालतं, आणि वाकवलेल्या फायबरमधून १५५० चा प्रकाश एलआरच्या १३१० पेक्षा जास्त गळतो. म्हणजे आमची लिंक चालत होती ती केबल दाबली गेली होती म्हणून! मी तपासायला दार उघडायचो आणि तिचा एकमेव आधार काढून घ्यायचो.

याचं कारण मॉड्यूलच्या पोटात आहे. मोबाइल फोन टॉवरच्या जवळ गेला की आपली प्रक्षेपणाची ताकद कमी करतो. एसएफपी प्लस तसं काही करत नाही. समोरचा ४० किलोमीटरवर आहे की ४ मीटरवर, हे लेझरला माहीत नसतं आणि तो विचारतही नाही. ठरलेल्या ताकदीने तो सेकंदाला सुमारे १० अब्ज वेळा जास्त-कमी होत राहतो. पलीकडे फोटोडायोड त्या प्रकाशाचा इवलासा विद्युतप्रवाह करतो, ॲम्प्लिफायर तो फुगवतो आणि पुढचं सर्किट ठरवतं की हा एक आहे की शून्य. हा ॲम्प्लिफायर क्षीण प्रकाशासाठी बेतलेला असतो. त्याच्यावर झोत मारला की तो तुंबतो, एक आणि शून्य यांच्या कडा एकमेकांत मिसळतात. लिंकचा दिवा हिरवाच राहतो, आत मात्र फ्रेम, म्हणजे डेटाचे गठ्ठे, फाटत असतात. ज्याच्या कानात कुणी किंचाळतंय त्याला शब्द कळत नाहीत, तसंच.

आणि हे आकड्यांत स्पष्ट लिहिलेलं आहे, मी शोधलेलं नाही. १० जी ईआरच्या मानकाप्रमाणे लेझर अधिक ४ डीबीएमपर्यंत प्रकाश टाकू शकतो, पण रिसीव्हरची वरची मर्यादा उणे १ आहे. म्हणजे छोट्या लिंकवर मध्ये ॲटेन्युएटर (प्रकाश मुद्दाम कमी करणारा जोड) लागणार, हे त्यात गृहीतच आहे. आता एलआर पाहा: लेझर जास्तीत जास्त अधिक ०.५, रिसीव्हरही अधिक ०.५ पर्यंत सहन करतो. दोन एलआर एका मीटरच्या कॉर्डने जोडली तरी काही बिघडत नाही. खालच्या बाजूला एलआरचा लेझर कमीत कमी उणे ८.२ देतो आणि रिसीव्हरला उणे १४.४ लागतं, म्हणजे सर्वांत वाईट जोडीतही ६.२ डीबी हातात. तुमच्या ७०० मीटरमध्ये १३१० नॅनोमीटरला काचेत जाणार पाव डीबी, फार तर ०.३. कनेक्टर आणि स्प्लाइस (फायबरचे सांधे) धरून दीड-दोन समजा. ४ डीबीहून जास्त शिल्लक राहते. यापेक्षा दणकट काय हवं?

हे सगळं मी साहेबांना मेलवर लिहून पाठवलं, सोबत ५ डीबीचे दोन ॲटेन्युएटर मागवण्याची विनंती. ते मोठ्याने हसले. "आधी जास्त प्रकाशाचं घ्यायचं आणि मग प्रकाश कमी करायला पैसे द्यायचे?" मी म्हटलं, हेच तर मी आधी सांगत होतो. त्यावर त्यांचा तोडगा: दार बंद ठेवा. रॅकवर खरोखर कागद चिकटवला गेला, 'दार उघडू नये'. महिना-दीड महिना त्या कागदावर लिंक चालली. मग एका होतकरू मुलाने रॅकमधल्या केबल नीटनेटक्या बांधल्या, कॉर्ड दाराच्या वाटेतून बाजूला घेतली, आणि लिंक दिवसाढवळ्या बंद पडली. बिचाऱ्याने काम चांगलंच केलं होतं. त्याच आठवड्यात ॲटेन्युएटर आले, दोन्ही टोकांना रिसीव्हरच्या बाजूला बसले, रीडिंग उणे ४.३ वर स्थिरावलं आणि मी ती सर्व्हर रूम विसरून गेलो. साहेबांनी वरच्यांना पाठवलेल्या अहवालात 'केबल मांडणीतील दोष दूर केला' असं लिहिलं. दोष त्या मुलाच्या नावावर गेला, ते मला अजून खटकतं.

म्हणून तुम्हाला एकच आग्रह: पुरवठादाराला बजेटचे आकडे लेखी मागा. लेझरचा किमान-कमाल, रिसीव्हरचा किमान-कमाल, चार आकडे. 'दणकट' हे एकक नाही. आणि लिंक लावली त्या दिवशीची दोन्ही टोकांची रीडिंग लिहून ठेवा, दार उघडं आणि बंद, दोन्ही. मॉनिटरिंगमध्ये प्रकाशाचा आलेखही लावा. आम्ही फक्त एरर मोजत होतो, म्हणून इतके दिवस चाचपडलो.

आता 'कंपनीचंच' हा मुद्दा. मॉड्यूलमध्ये एक छोटी मेमरी असते, तिच्यात बनवणाऱ्याचं नाव, प्रकार, तरंगलांबी लिहिलेली असते. काही स्विच ते नाव वाचून परकं मॉड्यूल नाकारतात, काही नुसती कुरकुर करतात, काहींवर एका कमांडने परवानगी देता येते. हा आडकाठीचा प्रकार आहे, प्रकाशाशी त्याचा संबंध नाही. आकार, पिना, मेमरीची मांडणी हे सगळं सामाईक करारांनी ठरलेलं आहे, आणि बऱ्याच स्विच कंपन्या मॉड्यूल बाहेरूनच बनवून घेऊन वर आपलं नाव लावतात. तुमच्या स्विचच्या मॉडेलसाठी कोडिंग करून देणारा विक्रेता गाठा. दोन टोकांना दोन वेगळ्या कंपन्यांची एलआर असली तरी चालतं, तरंगलांबी आणि मानक तेच हवं.

पण एक कबूल करतो. स्विचचा सपोर्ट करार असेल तर कंपनीचं एक जोड मॉड्यूल कपाटात ठेवा. तक्रार केली की पलीकडचा माणूस पहिलं वाक्य 'आमचं मॉड्यूल लावून पाहा' हेच म्हणतो, आणि मध्यरात्री त्याच्याशी भांडण्यात अर्थ नसतो. आणि स्विच बाहेर उन्हातल्या पेटीत असेल तर साधं मॉड्यूल नको. ते ० ते ७० अंशांचं असतं, उणे ४० ते ८५ वालं घ्या. ईआरलाही मी नाव ठेवत नाही. खरंच ३० किलोमीटर जायचं असेल तिथे तेच लागतं. एकच धागा मोकळा असेल तर बायडी (एकाच धाग्यावर दोन्ही दिशांनी चालणारं मॉड्यूल) घ्या, पण जोडीत घ्या, एका टोकाला १२७० आणि दुसऱ्याला १३३०. दोन्हीकडे १२७० लावून 'लिंकच येत नाही' म्हणणारा माणूस मला माहीत आहे, तो मीच.

आता हे मी पहिल्यांदा विचारायला हवं होतं: तुमची ती 'आधीच टाकलेली' फायबर कुठली आहे? वरचं सगळं ती सिंगलमोड आहे असं धरून लिहिलंय. केबलच्या आवरणावर ओएस१ किंवा ओएस२ (सिंगलमोडची खूण) छापलेलं असेल तर एलआर मागवून मोकळे व्हा. ओएम३, म्हणजे छोट्या अंतराची मल्टिमोड फायबर, निघाली तर तिच्यावर चालणारं १० जी एसआर मॉड्यूल ३०० मीटरवर संपतं, ओएम४ वर ४०० मीटरवर, आणि एलआरही तिथे कामाचं नाही. मग मॉड्यूल नव्हे, केबल बदलावी लागेल. पॅच कॉर्ड पिवळी (सिंगलमोडचा नेहमीचा रंग) आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका, ती कुणीही नंतर लावलेली असते. पुरलेल्या केबलवरची अक्षरं वाचा आणि खाली लिहा.