नारळाची झाडं, निळा समुद्र, स्वर्गासारखी बेटं या ठरलेल्या चित्राला आजचे चित्रकार कसं आव्हान देतात?

बरेचदा ते सुंदर दृश्य तसंच ठेवतात, फक्त मधे काहीतरी आडवं आणतात. हर्विन अँडरसन घ्या, आईवडील जमैकाचे, हा ब्रिटनमध्ये वाढलेला. त्याचं २००८ चं 'कंट्री क्लब: चिकन वायर' बघा, त्रिनिदादमधलं टेनिस कोर्ट, मागे झाडी, सगळं मस्त, पण समोर जाळीचं कुंपण रंगवलंय आणि आपण कुंपणाच्या बाहेर उभे, म्हणजे हा स्वर्ग नेमका कोणासाठी होता ते न सांगता कळतं. पीटर डॉइगच्या 'हंड्रेड इयर्स अगो – कॅरेरा' मध्ये लांबलचक होडी, पाणी, मागे बेट, अगदी निवांत वाटतं, पण ते बेट म्हणजे त्रिनिदादचा तुरुंग आहे!

या सगळ्याचं मूळ शोधत गेलं की फ्रेंच चित्रकार पॉल गोगँ येतोच. तो १८९१ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटावर पोचला तेव्हा तिथे फ्रेंचांची वसाहत होती, मिशनरी येऊन जमाना झाला होता, तरी पठ्ठ्याने रंगवलं ते नंदनवनच. अमेरिकन चित्रकार केहिंदे वायलीने २०१९ मध्ये ताहितीतल्या माहू म्हणजे तिथल्या पारंपरिक तृतीयपंथी समाजाची पोर्ट्रेट्स दाखवली तीही गोगँला उत्तर म्हणूनच, पण खरं सांगू, मला ती जरा जास्तच चकचकीत वाटतात.