तीन वर्षात बोट फक्त ४० तास चालली, मशीन खराब होईल का?

प्रश्न: भाऊ, आम्ही पवनी तालुक्यातले, गोसेखुर्दच्या बॅकवॉटरमध्ये फिरायला म्हणून फायबरची छोटी बोट घेतली, पंधरा एचपीचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून लावायचं इंजिन आहे. रोवणी, कापणी यातून वेळच नाही भेटत. तीन वर्षात ४० तास झाले असतील. लोक म्हणतात विकून टाक. काय करू?

उत्तर: विकू नका भाऊ, मनात अपराधी तर अजिबात वाटून घेऊ नका. हौशी बोटवाले जगभर असेच, अमेरिकेतही वर्षाला ५० तास चालवली तरी बरीच चालली म्हणतात. ट्रॅक्टरला अवर मीटर असतो तसंच इथं, किलोमीटर नाही, तास मोजायचे. पण सर्व्हिसिंग १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते, म्हणजे तुमचे तास भरले नाहीत तरी तीन सर्व्हिसिंग व्हायलाच पाहिजे होत्या!

खरं नुकसान उभी ठेवल्यानं होते. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते हवेतलं पाणी ओढते, आणि कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल सुकून चिकट पिवळा थर धरते अन् पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं बारीक छिद्र बुजून जाते, मग दोरी ओढून ओढून खांदा दुखतो. म्हणून घरी नेण्याआधी पेट्रोलची नळी काढा आणि मशीन आपोआप बंद होईपर्यंत चालू द्या, पाण्यातच हं, कोरडी चालवली तर मशीन थंड ठेवायला पाणी खेचणारा रबरी पंखा मिनिटभरात जळते. तो पंखा एकदा काढून बघाच, पाती एका बाजूला वाकून तशीच राहिली असतील तर बदला.

आणि महिन्यातून एकदा अर्धा तास तरी चालवा, पोरांना घेऊन जा.