वर्गात अनुभवातून नेतृत्व कसं शिकवावं?
सातवीच्या मुलांना भाषणं न देता नेतृत्व शिकवायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: त्यांच्या हाती खरं काम द्या, आणि ते थोडं बिघडू द्या.

शाळेतला आनंद मेळावाच घ्या. भेळेचा स्टॉल आईबाबा मांडतात, हिशोब बाई करतात. मग मुलं शिकणार काय? सहा-सहा जणांचे गट करा. भांडवल किती, चुरमुरे कुठून आणायचे, गल्ल्यावर कोण बसणार, हे त्यांनाच ठरवू द्या. तयारीला तीन-चार आठवडे द्या आणि गटप्रमुख दर आठवड्याला बदला. नाहीतर मोठ्या आवाजाचा मुलगाच कायम पुढे राहतो आणि मुली आपोआप भांडी घासायला जातात. हे मी पाहिलंय, फार टोचतं ते.

खरं शिकणं मात्र दुसऱ्या दिवशी होतं. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ साली मांडलेल्या, अनुभवातून शिकण्याच्या चक्रात चार टप्पे आहेत: अनुभव, त्यावर विचार, त्यातून निघणारं सूत्र आणि पुन्हा प्रयोग. आपली गाडी बहुतेक वेळा पहिल्यावरच थांबते. म्हणून एक तास गोल करून बसा. निर्णय कोणी घेतला? कोणाचं ऐकलंच गेलं नाही? माल उरला तेव्हा कोण काय म्हणालं? तुम्ही फक्त विचारा, निवाडा देऊ नका. सुरुवातीला शांतता पसरेल, ती सोसा.

मग महिन्याभरात परसबाग किंवा वर्गाचं वाचनालय त्याच गटांकडे सोपवा. गेल्या वेळी काय ठरवलं होतं, ते मुलंच एकमेकांना आठवून देतील.