‘मुळापासून’ म्हणजे किती खोल?

प्रश्न : मी ३८ वर्षांची शिक्षिका. नऊ वर्षांपासून आमवात आहे, अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह. आठवड्याला मेथोट्रेक्सेट आणि दोन वर्षांपासून टोसिलिझुमॅबचं इंजेक्शन. आता मूठ वळते, फळ्यावर लिहिता येतं. पण परीक्षांच्या धावपळीत इंजेक्शन लांबलं की मनगट धरतं. सीआरपी (सूज दाखवणारी रक्ततपासणी) मात्र नॉर्मल येतो. पेशी काढून, बदलून परत सोडल्या की रोग मुळापासून जातो, असं वाचलं. भाऊ म्हणतो, खर्च करू. हे स्टेम सेलच ना? करून घ्यावं का?

उत्तर : ताई, स्टेम सेल नव्हे. गुडघ्यात इंजेक्शन देऊन कूर्चा उगवून देतो म्हणणाऱ्या जाहिराती वेगळ्या, त्या बाजूला ठेवा. तुम्ही वाचलंय ते कार-टी.

तुमच्या आजारात कुंपणच शेत खातं. प्रतिकारशक्तीच्या बी-पेशींमधून शरीराच्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. अँटी-सीसीपी हे त्यातलंच. कार-टीमध्ये तुमच्या रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीचे मारेकरी शिपाई, यंत्राने वेगळ्या काढतात, बहुधा निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून त्यांच्यात नवा जीन घालतात, वाढवतात आणि सलाइनसारख्या परत चढवतात. आता त्यांना बी-पेशींवरची सीडी-१९ ही खूण ओळखता येते, आणि दिसेल ती बी-पेशी त्या मारतात.

बी-पेशी मारणारं रिटुक्सिमॅब आम्ही कित्येक वर्षं वापरतोय. मग यात नवल काय? ते औषध रक्त साफ करतं, पण लसिकाग्रंथींत दडून बसलेल्या पुष्कळ पेशी वाचतात. टी-पेशी तिथवर स्वतः पोचतात. जर्मनीतल्या एर्लांगेनमधल्या गेऑर्ग शेट यांच्या गटाने २०२४ मध्ये १५ रुग्णांचे निकाल छापले. सगळ्यांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थांबवता आली होती. काही महिन्यांनी बी-पेशी परतल्या, पण कोऱ्या पाटीच्या. तो तक्ता मी दोनदा वाचला, माझाच विश्वास बसेना.

पण ते १५ जण कोण? आठ ल्युपसचे, तीन मायोसायटिसचे, चार स्क्लेरोडर्माचे; हेही कुंपणच शेत खाणारे आजार. आमवाताचा एकही नाही. आमवातावरचे प्रयोग आता चाललेत, तेही बहुधा सगळी औषधं हरलेल्या थोड्या रुग्णांवर. तुमची मूठ वळते. त्या रांगेत तुम्ही नाही, आणि ही चांगली बातमी आहे.

तुमच्याच इंजेक्शनची एक गोष्ट सांगतो. २०१२ मध्ये एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला रक्ताच्या कर्करोगासाठी अमेरिकेत कार-टी दिलं. पेशी इतक्या खवळल्या की ती व्हेंटिलेटरवर गेली. तपासणीत आयएल-६ हे सूज भडकवणारं प्रथिन प्रचंड वाढलेलं निघालं. या उपचारावर काम करणाऱ्या कार्ल जून यांच्या मुलीला लहानपणापासून संधिवात, म्हणून आयएल-६ रोखणारं एक संधिवाताचं औषध त्यांना ठाऊक होतं. ते दिलं आणि पोर वाचली. ते औषध टोसिलिझुमॅब. तुमच्या फ्रिजमध्ये आहे तेच!

संधिवाताच्या कुळातल्या रुग्णांत खवळलेल्या पेशींचं हे वादळ बहुतेकदा सौम्य राहिलंय. पण पेशी चढवण्याआधी बहुधा केमोथेरपी द्यावी लागते, नंतर जंतुसंसर्गाची धास्ती असते, आणि कर्करोगासाठी वापरल्या जाणाऱ्या कार-टीवर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२४ मध्ये टी-पेशींच्या कर्करोगाचा ठळक इशारा छापायला लावला. कर्करोगात हा सौदा परवडतो. वळणाऱ्या मुठीसाठी? मी माझ्या बहिणीला आज देणार नाही. शिवाय वाकडा झालेला सांधा यानेही सरळ होत नाही. कुणी ‘आमवातावरची कार-टी’ म्हणून भावाकडे पैसे मागितले, तर नोंदणीकृत चाचणीचा क्रमांक आधी विचारा.

आता मनगटाचं. टोसिलिझुमॅबवर सीआरपी खोटा दिलासा देतो, कारण यकृताला तो बनवायला सांगणारं आयएल-६च आपण अडवलंय. म्हणून नॉर्मल रिपोर्ट दाखवून परत येऊ नका. डॉक्टरांना मनगट अंगठ्याने दाबून बघायला सांगा, शंका राहिली तर सोनोग्राफी करा. याच कारणाने जंतुसंसर्गातही सीआरपी चढत नाही, कधीकधी तापही येत नाही. खोकला, लघवीची जळजळ, पोटात दुखणं यातलं काही असेल तर पुढच्या इंजेक्शनआधी फोन करा. आणि परीक्षांमुळे मात्र ते लांबवू नका.