वाचकांचे प्रश्न : नाकतोड्याला वास कसा कळतो?

प्रश्न : नाकतोड्याला नाक नसतं. मग वासाची जनुकं काम कुठे करतात? (विज्ञानशिक्षिका, सातारा)

उत्तर : मुख्यतः डोक्यावरच्या दोन शृंगिकांत, म्हणजे मिशांत. त्यांवर हजारो सूक्ष्म केस असतात आणि वास टिपणाऱ्या केसांच्या भिंतीला छिद्रं असतात. वासाचा रेणू छिद्रातून आतल्या द्रवात येतो. तिथली वासवाहक प्रथिनं त्याला धरून पुढे नेतात आणि तो चेतापेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे वास ओळखणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो. कीटकांचा हा रिसेप्टर एकट्याने काही करू शकत नाही. ओर्को नावाचं प्रथिन सोबत असेल तरच पेशीचं दार उघडतं, आयन आत येतात आणि मेंदूकडे संदेश निघतो. प्रवासी टोळ हा थवे करणारा नाकतोडाच. त्यात अशा रिसेप्टरांची १४० हून अधिक जनुकं सापडली आहेत. फळमाशीत ती ६० च्या आसपास आहेत. ओर्कोचं जनुक मात्र एकच. म्हणूनच २०१६ मध्ये चिनी संशोधकांनी क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने ते बिघडवल्यावर टोळांची थव्याच्या गंधाकडची ओढच गेली.

प्रश्न : मे २०२० मध्ये अमरावती, नागपूर, वर्ध्याकडे टोळधाड आली होती. टोळांना गोळा करणारा वास सापडला आहे, असं वाचलं. त्याचा सापळा लावता येईल का? (संत्रा बागायतदार, वरूड)

उत्तर : तुम्ही वाचलेलं बरोबर आहे, पण तो वास दुसऱ्या जातीचा आहे. बीजिंगमधल्या ले कांग यांच्या गटाने २०२० मध्ये प्रवासी टोळात ४-व्हायनिलअॅनिसोल हे रसायन दाखवलं. चार-पाच एकटे टोळ एकत्र ठेवले तरी ते सुटू लागतं आणि इतरांना खेचतं. ते ओळखणारा रिसेप्टर ओआर-३५. त्याचं जनुक बिघडवलं की ओढ कमी होते. शेतातल्या चिकट सापळ्यांतही या रसायनाने टोळ ओढले गेले.

विदर्भात आला तो वाळवंटी टोळ. एका जातीचा गंध दुसऱ्या जातीत तेच काम करेल, असं धरून चालू नये. फिनाइलअॅसिटोनायट्राइलचंच पाहा. वाळवंटी टोळात प्रौढ नर ते सोडतो आणि त्यामुळे दुसरे नर दूर राहतात. प्रवासी टोळात तेच रसायन दाटीत एकमेकांना खाण्यापासून वाचवतं. तिथे ते ओळखणारा रिसेप्टर ओआर-७०ए. त्याचं जनुक निकामी केलं की भाईबंदांना खाणं वाढतं. रेणू तोच, पण अर्थ प्रत्येक जातीचा वेगळा. त्यामुळे प्रवासी टोळाचं आमिष विकत घेऊन बागेत टांगू नका. थवा संध्याकाळी झाडांवर उतरतो आणि ऊन चढल्यावर उडतो. मुक्काम कुठे पडला ते कृषी विभागाला त्याच रात्री कळवणं सर्वांत उपयोगाचं, कारण फवारणी पहाटेपर्यंत उरकावी लागते.

प्रश्न : प्रवासी टोळात आरएनएआय पद्धतीने ओर्को दाबलं, पण मिशीच्या विद्युत प्रतिसादात फरक दिसला नाही. कुठे चुकलं असेल? (एम.एस्सी. विद्यार्थी, पुणे)

उत्तर : आधी जनुक खरंच दबलं का ते पाहा. आरएनएआय म्हणजे दुहेरी आरएनए टोचून जनुकाचा आरएनए-संदेश नष्ट करणं. टोळात ते चांगलं चालतं. ३०० ते ५०० बेसजोड्यांचा दुहेरी आरएनए, ५ ते १० मायक्रोग्रॅम, २ ते ५ मायक्रोलिटरमध्ये, पोटाच्या दोन वलयांमधल्या मऊ पडद्यातून द्या. सुई तिरपी आणि उथळ ठेवा. सरळ खोल गेली तर आतडं फुटतं. टोचल्यावर सुई दहाएक सेकंद तशीच धरा, नाहीतर द्रावण रक्ताबरोबर बाहेर येतं. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला तेवढाच जीएफपीचा, म्हणजे टोळात नसलेल्या जनुकाचा, दुहेरी आरएनए द्या. नुसतं पाणी पुरेसं नाही.

मोजणीसाठी आरएनए फक्त मिशांतून काढा. पूर्ण डोकं घेतलंत तर ओर्कोचा अंश इतका विरळ होतो की घट दिसत नाही. डीएनए नष्ट करणारी डीएनेज प्रक्रिया वगळू नका, कारण उरलेला जीनोमिक डीएनए खोटा संकेत देतो. आरएनए घटला तरी आधी तयार झालेलं प्रथिन टिकून असतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी मोजू नका. चार-पाच दिवस थांबून पुन्हा पाहा.

मला जास्त शंका वासाच्या निवडीची आहे. आम्लं ओळखायला आयआर नावाचं वेगळं रिसेप्टर-कुटुंब असतं. ते खाचेत बसलेल्या केसांत काम करतं आणि त्याला ओर्को लागत नाही. तुम्ही आम्लच फुंकलं असेल, तर प्रतिसाद कायम राहणं हेच अपेक्षित होतं. ओर्कोची चाचणी ४-व्हायनिलअॅनिसोलवर घ्या आणि तुलनेला एक आम्ल ठेवा. पहिला प्रतिसाद घटला आणि दुसरा टिकला, तर प्रयोग जमला. प्रत्येक फुंकरीत किमान एक मिनिट अंतर ठेवा, हवा कोळशातून गाळून ओलसर करा आणि नुसत्या खनिज तेलाची फुंकर सुरुवातीला व शेवटी मोजून वजा करा. शेवटचा आकडा पहिल्यापेक्षा खूप खाली असेल, तर कापलेली मिशी दमली आहे. ती नोंद टाकून द्या.

प्रश्न : टोळाचा जीनोम वाचायला इतका उशीर का झाला? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आकारामुळे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रवासी टोळाचा जीनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण डीएनए, सुमारे ६५० कोटी अक्षरांचा आहे, म्हणजे माणसाच्या दुपटीहून मोठा. त्यात पुन्हा पुन्हा येणारे तुकडे फार असल्याने जोडणी अवघड जाते, आणि लहान वास-जनुकं त्या तुकड्यांत सहज निसटतात. मिशांतला आरएनए वाचून ती नंतर भरून काढावी लागली.