मोकळ्या प्लॉटवर बिल्डिंग येतेय, काय करायचं?

या वेळच्या पत्रांमध्ये एकाच विषयावरची पत्रं जास्त होती, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो. शेजारच्या रिकाम्या जागेवर फ्लॅट येणार म्हटलं की अख्ख्या गल्लीची झोप उडते, आणि त्यातली बरीचशी काळजी खरीच असते, म्हणून जरा सविस्तर उत्तरं देतोय.

आमच्या गल्लीच्या टोकाला खूप वर्षं मोकळा पडलेला प्लॉट आहे. आता तिथे सात मजले, 60 फ्लॅट असा बोर्ड लागलाय. सगळे म्हणतात विरोध करायचाच, आणि हरकतीचं पत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात आलंय. ग्रुपवर ढीगभर मुद्दे आलेत: ट्रॅफिक, पाणी, सावली, पक्षी, भाडेकरू, गल्लीचं वातावरण. सगळे घालू का? (सोसायटीच्या सेक्रेटरी)

ताई, सगळे नका घालू. सुक्याबरोबर ओलंही जळतं तसं होतं, पंचवीस मुद्द्यांत दोन कच्चे असले की वाचणारा अधिकारी त्या दोनांवर बोट ठेवतो आणि तुमचे तीन पक्के मुद्देही त्यातच वाहून जातात.

आधी एक काम करा, मंजुरीसाठी दिलेला प्लॅन आणि त्या जागेचा झोन बघून घ्या. जागा राहण्यासाठीच्या झोनमध्ये असेल आणि उंची, मोकळं अंतर, पार्किंग नियमात बसत असेल तर ‘इथे काहीच बांधू नका’ हे म्हणणं टिकत नाही, आणि माझ्या मते ते बरोबरही नाही, कारण जागा रिकामी होती म्हणून ती आपली होत नाही, आपण फक्त इतके दिवस तिचा फायदा घेतला. पण कसं बांधा, पाणी कुठे सोडा, गेट कुठे ठेवा यावर शेजाऱ्यांनी बोलायलाच हवं. तिथलं रोजचं त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

तुमच्या यादीतला सगळ्यात वजनदार मुद्दा पाण्याचा आहे, नळाच्याही आधी पावसाच्या पाण्याचा, आणि नेमका तोच बहुतेक पत्रांत एका ओळीत उरकलेला असतो. हिशोब करून बघा. प्लॉट समजा 2000 चौरस मीटरचा आहे. तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला तर तेवढ्या जागेवर 1 लाख लिटर पाणी पडतं. आज तिथे माती आणि गवत आहे, त्यामुळे त्यातलं बरंच मुरतं किंवा निदान सावकाश वाहतं. उद्या तिथे छत, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक आले की जवळपास सगळं पाणी वाहणार, आणि तेही लगेच, उताराकडे. उताराला कोणाचं घर आहे ते तुम्हाला माहीत आहे, प्लॅन काढणाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही. म्हणून पत्रात असं विचारा की बिल्डिंगच्या आवाराची लेव्हल रस्त्यापेक्षा किती वर असणार, पावसाचं पाणी साठवायला टाकी किंवा मुरवायला शोषखड्डे किती लिटरचे, आणि ते भरल्यावर वरचं पाणी कोणत्या नाल्यात जाणार, त्या पाइपाचा व्यास किती. मागच्या पावसात गल्लीत पाणी साचल्याचे तारखेसह फोटो असतील तर जोडा. असं पत्र बाजूला ठेवणं कठीण असतं.

ट्रॅफिकचं म्हणाल तर ‘गल्ली जाम होईल’ एवढंच लिहून भागत नाही. अमेरिकेतल्या ट्रॅफिक इंजिनिअरांच्या नेहमीच्या तक्त्यांत स्वतंत्र घरामागे दिवसाला साधारण 9 फेऱ्या धरतात आणि मध्यम उंचीच्या बिल्डिंगमधल्या फ्लॅटमागे साधारण 5. संध्याकाळच्या गर्दीच्या तासाला फ्लॅटमागे 0.4 च्या आसपास. म्हणजे 60 फ्लॅटना त्या तासात 24 गाड्या, अडीच मिनिटांना एक. तुमच्या भागाचा आकडा वेगळा येईल, पण गाड्यांच्या संख्येपेक्षा गेट कुठे आहे यावर जास्त अवलंबून असतं हे यावरून कळेल. गेट वळणावर असेल, बाहेर येणाऱ्या ड्रायव्हरला भिंतीमुळे रस्ता दिसत नसेल, गेट आणि रस्ता यांच्यात एक गाडीसुद्धा थांबायला जागा नसेल, तर ते लिहा. कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळेला कोपऱ्यावर उभं राहून गाड्या मोजा आणि ती मोजणी जोडा.

भाडेकरू आणि वातावरण हे दोन मुद्दे मात्र काढून टाका, प्लीज. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसांबद्दलचा हा संशय फार जुना आहे. अमेरिकेत क्लीव्हलँडजवळच्या युक्लिड या गावात 68 एकर मोकळ्या जमिनीवरून वाद झाला, तो थेट सुप्रीम कोर्टात गेला आणि 1926 च्या निकालात कोर्टाने झोनिंग (गावाचे भाग पाडून कुठे काय बांधता येईल ते ठरवणं) उचलून धरताना घरांच्या वस्तीतल्या अपार्टमेंटला चक्क परोपजीवी म्हटलं. आज हे वाचून वाईट वाटतं. तिथे राहायला येणारी माणसं तुमच्या-माझ्यासारखीच असणार आहेत, कोणाची तरी नवीन नोकरी असेल, कोणाला म्हाताऱ्या आईवडिलांच्या जवळ राहायचं असेल, आणि ती अजून आलेली नसल्यामुळे तुमच्या मीटिंगमध्ये त्यांच्या बाजूने बोलायला कोणी नसतं.

आणि ग्रुपवर सगळ्यांना हे जरूर सांगा. कॅलिफोर्नियात लाफायेट नावाचं गाव आहे. तिथे 22 एकर जागेवर 2011 मध्ये 315 अपार्टमेंटचा प्रस्ताव आला. जोरदार विरोध झाला, मग गावाने आणि बिल्डरने बसून तडजोड काढली की अपार्टमेंट नकोत, 44 स्वतंत्र घरं बांधू. काही रहिवाशांना तेही नको होतं. 2018 मध्ये मतदान घेतलं गेलं आणि त्यात तडजोड फेटाळली गेली. बिल्डरने पुन्हा 315 अपार्टमेंटचा जुना प्रस्ताव बाहेर काढला आणि 2020 मध्ये तो मंजूर झाला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलं की असं होतं. त्यामुळे पत्रात ‘रद्द करा’ लिहिण्याऐवजी तुम्हाला काय बदलून हवंय ते लिहा, आणि जे मिळेल ते मंजुरीच्या अटींमध्ये लेखी पदरात पाडून घ्या. बिल्डरच्या माणसाने मीटिंगमध्ये तोंडी कबूल केलेल्या गोष्टीवर विसंबू नका.

बिल्डिंग आमच्या दक्षिणेला येणार आहे. बिल्डरने सावलीचं चित्र दाखवलं, त्यात सावली आमच्या कंपाऊंडपर्यंतही पोचत नाही. विश्वास ठेवू का?

चित्रावर तारीख आणि वेळ काय लिहिलीय ते आधी बघा. जूनमधल्या दुपारी 12 चं चित्र असेल तर ते खरंही असेल आणि तरी तुमच्या कामाचं नसेल.

हा हिशोब घरी करता येतो. उत्तर गोलार्धात 21 डिसेंबरच्या आसपास सूर्य सगळ्यात खाली असतो. 90 मधून आपल्या जागेचा अक्षांश आणि 23.5 वजा करा, तो त्या दिवशी भर दुपारी सूर्याचा क्षितिजापासूनचा कोन. बिल्डिंगच्या उंचीला त्या कोनाच्या टॅनने (कॅल्क्युलेटरवरचं tan बटण) भागलं की सावलीची लांबी, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. अक्षांश 20 असेल तर कोन 46.5 अंश येतो आणि 21 मीटर उंच बिल्डिंगची सावली साधारण 20 मीटर पडते. सकाळी 9 ला ती जवळजवळ दुप्पट होते, फक्त तिरकी, वायव्येकडे. तीच बिल्डिंग 50 अक्षांशावर असती तर डिसेंबरच्या दुपारी सावली 70 मीटर गेली असती. आणि 20 अक्षांशावर जूनच्या दुपारी सूर्य इतका डोक्यावर असतो की सावली जेमतेम सव्वा मीटरची, तीही उलट दक्षिणेकडे. म्हणजे कोणती तारीख निवडली यावर सगळं चित्र फिरतं.

तेव्हा 21 डिसेंबरचं, सकाळी 9, दुपारी 12 आणि 3 असं तीन वेळांचं चित्र लेखी मागा. गच्चीवर सोलर पॅनल असतील तर ते कुठे आहेत हे तुमच्या पत्रात दाखवा. सावली खरंच घरावर येत असेल तर वरचे दोन मजले तुमच्या बाजूने आत घ्यायला सांगा किंवा बिल्डिंग प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला सरकवायला सांगा. फ्लॅटची संख्या फारशी कमी न करता होण्यासारखं आहे हे, म्हणून ऐकलं जाण्याची शक्यताही जास्त.

शेजारी फ्लॅट आले की आमच्या घराची किंमत पडते का?

सरसकट नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अमेरिकेत सरकारी सवलतीतून बांधलेल्या परवडणाऱ्या घरांच्या आसपासच्या किमती तपासल्या, तर कमी उत्पन्नाच्या वस्तीत त्या 6.5 टक्के वाढल्या होत्या आणि सधन, बहुतांशी गोऱ्या वस्तीत अगदी लगतच्या घरांच्या 2.5 टक्के उतरल्या होत्या. भाड्याबद्दल वेगळा अभ्यास आहे, कमी उत्पन्नाच्या भागात मोठी नवीन बिल्डिंग आली की जवळपासची भाडी साधारण 6 टक्के कमी राहतात, थोड्या लांबच्या घरांच्या तुलनेत. तुम्ही भाडं घेत असाल तर हे आवडणार नाही, भरत असाल तर आवडेल.

मी त्याच गल्लीत भाड्याने राहते आणि मला मनापासून वाटतं की ही बिल्डिंग व्हावी, कदाचित मलाच तिथे घर मिळेल. पण मीटिंगमध्ये सगळे विरोधात आहेत, तिथे बोलले तर घरमालकही नाराज होतील.

तुमची भीती मी समजू शकतो, पण तुम्हाला वाटतं तेवढ्या तुम्ही एकट्या नसाल. बोस्टन युनिव्हर्सिटीच्या अभ्यासकांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या 97 गावा-शहरांच्या बांधकाम परवानगीच्या मीटिंगचे वृत्तांत वाचून काढले. बोलणाऱ्यांपैकी 63 टक्के विरोधात होते आणि बाजूने जेमतेम 15 टक्के. पण जे बोलायला आले ते गावातल्या एकूण लोकांपेक्षा वयाने मोठे, जास्त करून पुरुष आणि स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारे होते. म्हणजे मीटिंगमध्ये जे ऐकू येतं ते सगळ्या गावाचं म्हणणं नसतं. संध्याकाळी ऐन कामाच्या वेळेला मीटिंग ठेवली की लहान मूल सांभाळणारी आई किंवा शिफ्टवर असलेला माणूस येणार कसा?

तुम्ही उभं राहून बोललंच पाहिजे असं काही नाही. परवानगी देणाऱ्या ऑफिसकडे लेखी म्हणणं पाठवता येतं का ते विचारा, आणि पाठवण्याआधी ती पत्रं सगळ्यांना बघायला ठेवतात का हेही विचारून घ्या, म्हणजे घरमालकांना कळेल की नाही याचा अंदाज येईल. पत्रात ‘मी बाजूने आहे’ एवढंच नका लिहू, लहान फ्लॅट किती ठेवणार, भाड्याने द्यायचे किती असतील हे विचारा. आणि पाण्याबद्दल, गेटबद्दल शेजाऱ्यांचे मुद्दे पटत असतील तर तेही लिहा, बिल्डिंग व्हावी असं वाटणारीने नीट बांधायला सांगितलं की त्या मुद्द्यांना उलट वजन येतं.

आमच्याकडे मंजुरी होऊन गेली. पुढच्या महिन्यात खोदकाम सुरू. आता काही करण्यासारखं आहे का?

आहे, आणि ते आत्ताच करायचंय. बेसमेंटसाठी खोल खणतात तेव्हा बाजूची माती सुटते, खड्ड्यातलं पाणी पंपाने सतत उपसलं तर आजूबाजूची भूजलाची पातळी उतरते आणि जमीन थोडी खचू शकते, त्यातून शेजारच्या भिंतींना तडे जातात. म्हणून खोदकामाआधी घराची आतून-बाहेरून पाहणी करून घ्या. बिल्डरने दोघांना मान्य अशा इंजिनिअरकडून ती करून द्यावी अशी मागणी करा, नाही म्हणाला तर सगळ्यांनी मिळून स्वतःचा इंजिनिअर बोलवा. प्रत्येक जुन्या तड्याच्या शेजारी पट्टी धरून फोटो काढा, तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख टाका, म्हणजे तडा पुढे सरकला तर लगेच दिसेल. विहीर किंवा बोअर असेल तर आजची पाण्याची पातळी मोजून लिहून ठेवा आणि काम चालू असताना दर आठवड्याला मोजत राहा. ट्रक कोणत्या वेळेत येणार, रात्री काम चालणार का आणि तक्रार आली तर साइटवर जबाबदार कोण, हे लेखी मागा. पाहणीच्या रिपोर्टवर बिल्डरची सही घेऊन एक प्रत त्याला द्या, एक परवानगी देणाऱ्या ऑफिसात जमा करून पोच घ्या, आणि हे सगळं पहिलं मशीन प्लॉटवर यायच्या आधी, कारण तडे गेल्यावर काढलेल्या फोटोवरून ते आधीचे की नंतरचे हे कोणालाच ठरवता येत नाही.